साडेसतरा मीटर

६ मार्च

बारक्या,

‘प्रिय’ लिहिलं तर तुला राग येईल आणि नाही लिहिलं तर आईला. पाकीट चिकटवण्याआधी ती वाचायला मागते. म्हणून नुसतं बारक्या. चाळिशी उलटलेल्या गणिताच्या मास्तराला बारक्या म्हणणारा आता मी एकटाच. तेवढा हक्क अजून शिल्लक आहे असं धरून चालतो.

तू बायको-पोरीला घेऊन सासुरवाडीला गेलास त्याला सहा दिवस झाले. फोन उचलत नाहीस. तुझ्या घराची फुटलेली काच मी बसवून घेतली. दगड कोणी मारला ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं, कारण तो आपल्याच स्टँडमधला असणार. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला पेनल्टी, त्यावर गोल, आणि क्लब खालच्या वर्गात. माणसं भडकणारच. नेमलेला रेफ्री आयत्या वेळी आजारी पडला आणि तुला उभं केलं, तेव्हा अख्खा स्टँड नाचला होता. घरचा माणूस! मीही नाचलो, खोटं कशाला बोलू. आपल्याला झुकतं माप मिळेल असं वाटलं होतं. तू रेफ्री झालास त्या दिवसापासून तुला कुठलाच क्लब उरला नाही, हे मी विसरलो.

आता माझ्या मुलाखतीचं. मी काय बोललो ते माझ्याकडून ऐक. सामना संपून पाच मिनिटं झाली नसतील. ती माईकवाली मुलगी कठड्यापाशी आली आणि म्हणाली, “रेफ्री तुमचे सख्खे भाऊ ना?” मी म्हणालो, “भाऊ असला म्हणून काय झालं? पेनल्टी नव्हती. का दिली ते त्यालाच विचारा. माणूस चांगला आहे, आज काय झालं देव जाणे.” शेवटचं वाक्य त्यांनी कापलं. घरी येऊन बघतो तर पडद्याखाली लाल पट्टी, ‘सख्ख्या भावाचाच आरोप’. पराचा कावळा करतात ते ऐकून होतो, इथे अख्खा थवा उडवला.

आणि ते तज्ज्ञ! पडद्यावर सहा चौकोन, सहा तोंडं, त्यातल्या एकाने तरी कधी पायात स्टड घातले असतील का? उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि मध्ये जाहिरात आली की गप्प बसायचं. एका टायवाल्याने चित्रावर पिवळी रेघ ओढली. म्हणे गोलपासून साडेसोळा मीटर ते हे, आणि पाय अडकवला तो इथे, सतराव्या मीटरवर. हातभर बाहेर. बॉक्सच्या आत फाउल झाला तर पेनल्टी, बाहेर झाला तर साधी फ्री किक, एवढं तुझ्या पोरीलाही कळतं. चुन्याची खरी रेघ चित्रात दिसतच नव्हती. तिथली माती नवीन भरलेली, पायांखाली चुना मिसळून गेला होता. मग त्याची पिवळी रेघ ती खरी.

परवा फुटबॉल संघटनेची चौकशी कमिटी मैदानावर आली. तिघंजण. त्यांनी स्वतः टेप लावली. साडेसोळा मीटर, बोटभरही फरक नाही. मी शेजारीच उभा होतो. अध्यक्ष म्हणाले, “रेघ चोख आहे तुमची.” मी मान हलवली.

बारा एप्रिलला सुनावणी आहे. सामना विकला असं ठरलं तर तुझी शिट्टी कायमची जाईल, आणि मग शाळाही तुला परत घेणार नाही. म्हणून थोरला या नात्याने सांगतो, नजरचूक झाली असं लिहून दे. चुकलेल्याला सहा महिने घरी बसवतात, विकल्या गेलेल्याला जन्मभर. एका ओळीचं काम आहे. हट्ट करू नकोस.

तुझा,
दादा

१५ मार्च

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. ‘मला रेघ दिसली. पाय आत होता. नजरचूक झाली असं मी लिहून देणार नाही.’ वर दादा नाही, खाली सही नाही. पोरांच्या वहीत लाल शाईने शेरा मारावा तसं. आईने ते चार वेळा वाचलं आणि तिच्या चष्म्याच्या डबीत ठेवलं. माझ्याशी ती आता फक्त वाढताना बोलते. ‘घे’ आणि ‘पुरे का’, बास.

तू माझ्यावर रागावलास, पण खरा राग धरायचा तर त्या साहेबांवर धर. खेळात राजकारण आणू नये असं सगळे म्हणतात. मी म्हणतो, आणायचं तर आणा, निदान बूट काढून आणा. सामन्याच्या दोन दिवस आधी त्यांची निवडणुकीची सभा आपल्या मैदानावर! व्यासपीठ कुठे, तर उत्तरेच्या गोलपुढे, बरोब्बर बॉक्सवर. बांबूंसाठी खड्डे खणले. ट्रक गवतावरून नेला. माझ्या बॉक्सच्या दोन कोपऱ्यांच्या खुंट्या कोणीतरी उपटून खुर्च्यांच्या ढिगात टाकल्या. साहेब भाषणात म्हणाले, “या मैदानाचं आणि माझं रक्ताचं नातं आहे,” आणि खाली उतरून क्लबच्या सचिवांना हळूच विचारलं, “आपल्या टीमचा रंग कुठला?” मी ऐकलं. दोन हातांवर उभा होतो.

वर मैदानाला साहित्य भेट. चार चेंडू, एक जाळी, एक नवीकोरी टेप. पेपरात फोटो आला. टेपचं एक टोक साहेबांच्या हातात, दुसरं माझ्या. माझं डोकं कापलंय. एकतीस वर्षं या मैदानावर रेघा आखतोय, पेपरात आलो तो बिनडोक्याचा.

तुला हे सगळं कशाला सांगतोय कोणास ठाऊक. सांगायचं एवढंच की सामन्याच्या दिवशी कुणाचंच डोकं थाऱ्यावर नव्हतं. घाई होती, खड्डे बुजवायचे होते, सकाळी सातपासून स्टँडच्या लोकांची मिरवणूक निघणार होती आणि मोठा झेंडा धरायला मला बोलावलं होतं.

काल भोंगा भेटला. आपल्या स्टँडमध्ये आरोळ्या तोच देतो, तुला आठवत असेल. म्हणाला, “दादा, आपल्यात राहील, खरं सांगा. किती घेतले त्याने?” मी हसलो. नाही म्हणालो नाही. ते पत्रात लिहायची गरज नव्हती, पण लिहून गेलो.

नजरचुकीचा विचार कर अजून.

दादा

२६ मार्च

बारक्या,

हे पत्र आईने वाचलेलं नाही. तुझ्या वहिनीलाही माहीत नाही. पोस्टातल्या बाकावर बसून लिहितोय, लिहिलं की लगेच टाकणार, नाहीतर पुन्हा फाडेन. दोन फाडून झालीत.

पाय आत होता. तू रेघ बघितलीस ती बरोबर बघितलीस. रेघ चुकीची होती.

माझी जुनी टेप तुला माहीत आहे. तिचा पहिला मीटर कधीच तुटून गेलाय, त्याला बारा वर्षं झाली. तिच्यावर एकचा आकडा गोलच्या रेघेवर धरायचा आणि हवं असेल त्याच्यापेक्षा एक जास्त वाचायचा. साडेसोळा हवेत तर साडेसतराला खुंटी ठोकायची. डोक्याला विचारावं लागत नाही, हात आपोआप जातो. त्या सकाळी मी साहेबांची नवी टेप घेतली. पूर्ण टेप, शून्यापासून. आणि हात साडेसतरावर गेला. गोलजवळचा छोटा चौकोन आणि पेनल्टीचा ठिपका यांच्या खुणा जमिनीत शाबूत होत्या, दक्षिणेच्या बाजूला तर कोणी हातच लावला नव्हता. तेवढी उत्तरेची रेघ मीटरभर पुढे गेली. मी मागे वळून बघितलं नाही. मला झेंडा धरायचा होता.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आम्ही तुला म्हणत राहिलो. इथे अंगणच वाकडं होतं, आणि ते वाकडं करणारा मी.

टीव्हीवर त्या माणसाने पिवळी रेघ ओढली तेव्हाच मला ती नवी टेप आठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मोजलं. साडेसतरा. मग मी फावडं आणलं, चुना खरवडला, गवत झाडलं, आणि साडेसोळावर नवी रेघ आखली. अगदी चोख. कमिटीने मोजली ती ही.

आणखी एक. ‘माणूस चांगला आहे’ हे वाक्य चॅनेलने कापलं नाही. मी ते म्हणालोच नव्हतो. मी म्हणालो होतो, “काय मिळालं ते त्यालाच विचारा.” त्यांनी सगळं दाखवलं, शब्द न् शब्द. तू तेव्हा टीव्हीसमोर असशील तर तूही ऐकलं असशील. चॅनेलला मी महिनाभर शिव्या देतोय.

चुन्याने गवत जळतं हे मला ठाऊक होतं, पण घाबरलेल्या माणसाला आपल्या धंद्यातलंच आठवत नाही. आता नव्या रेघेच्या पुढे, मीटरभर लांब, गवताचा एक पट्टा पिवळा पडलाय. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी रोज पाणी मारतोय. मैदानावर येणाऱ्या कोणाला तो दिसत नाही, मला दुसरं काही दिसत नाही.

निवृत्तीला अकरा महिने राहिलेत. आणि स्टँडमधली माझी जागा, वडिलांचं बोट धरून जिथे पहिल्यांदा उभा राहिलो ती. कमिटीसमोर बोललो तर दोन्ही जातील. बारक्या, मला धीर होत नाही. तुला खरं कळावं म्हणून लिहिलं. वाचून जाळून टाक.

दादा

५ एप्रिल

बारक्या,

तुझं उत्तर नाही. सचिवांकडे आडून चौकशी केली, तू कमिटीकडे नवीन काहीही दिलेलं नाहीस म्हणे. माझं पत्र तुझ्या हातात आहे. ते नुसतं पाकिटात घालून पाठवलंस तरी तू सुटतोस. पाठवलं नाहीस. जाळलंस की काय खरंच? मी सांगितलं म्हणून? मी सांगितलेलं तू आयुष्यात कधी ऐकलं आहेस?

काल जेवताना मी बोलत होतो. परदेशी क्लबांच्या जर्सी घालून फिरणाऱ्या आपल्या पोरांबद्दल, ज्यांना स्वतःच्या गावाच्या गोलकीपरचं नाव माहीत नाही. मग साहेब निवडून येणार यावर. मग निकालाच्या आधीच निकाल सांगणाऱ्या चॅनेलवाल्यांवर. आई भाकरी मोडत होती, ती थांबली.

म्हणाली, “बारक्या लहानपणी खोटं बोलायला लागला की अडखळायचा. तू खोटं बोलत असलास की थांबत नाहीस. महिना झाला, तू थांबलेला नाहीस.”

तुझ्या वहिनीने ताटावरून मान वर केली. मग मी दोघींना सांगितलं. टेप, फावडं, सगळं. वहिनी उठून आत गेली. आई रडली नाही. तिने विचारलं, “बारा तारखेला मी येऊ बरोबर?”

“नको.”

“मग एकटा जाशील ना?”

एकोणसाठ वर्षांच्या माणसाला विचारायचा प्रश्न नव्हे हा. शाळेच्या पहिल्या दिवशी विचारतात तसा विचारला तिने. मी जातो म्हणालो.

दादा

१३ एप्रिल

बारक्या,

काल सकाळी तुझी सुनावणी झाली तेव्हा मी बाहेर जिन्याखाली उभा होतो. तू उतरलास, रुमालाने चष्मा पुसत गेलास. वजन कमी झालंय तुझं. हाक मारणार होतो, पण म्हटलं आधी वर जाऊन येऊ.

दुपारी मी त्या तिघांना सगळं सांगितलं. त्यांचा आधी विश्वास बसेना. अध्यक्ष म्हणाले, “भावाला वाचवायला आलात?” बरोबर आहे त्यांचं. मी म्हणालो, “मैदानावर चला, दाखवतो.” आले. मी दोन्ही टेपा जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या, आणि मग तो पिवळा पट्टा दाखवला. महिनाभर पाणी मारूनही तो गेला नव्हता. त्यांनी मोजला. साडेसतरा मीटर. तिघांतला एक गुडघ्यावर बसून गवतात बोटं फिरवत राहिला.

परत ऑफिसात आल्यावर अध्यक्षांनी विचारलं, “हे तुमच्या भावाला माहीत होतं?”

“हो. मी पत्र लिहिलं होतं.”

“आज सकाळी मी त्यांना दोनदा विचारलं, बचावासाठी आणखी काही द्यायचंय का. नाही म्हणाले.” मग त्यांनी फाइल उघडली. “एक मार्चला त्यांनी आम्हाला लिहून दिलेलं हे वाचतो. आम्ही याला फारसं महत्त्व दिलं नव्हतं.”

आणि त्यांनी वाचलं. तुझंच आहे, तुला पाठ असेल, पण मी ते काल पहिल्यांदा ऐकलं. ‘सामन्याआधी रेफ्रीने मैदानाच्या रेघा तपासायच्या असतात. मी त्या दिवशी तपासल्या नाहीत. आखणारा माझा थोरला भाऊ आहे. त्याची रेघ मोजून बघण्याची गरज मला वाटली नाही. ही माझी चूक आहे आणि ती मला मान्य आहे.’

तारीख एक मार्च. मी टीव्हीवर बोललो त्याच्या चार दिवसांनंतरची. माझं बोलणं ऐकून, काच फुटल्यावर, बॅगा भरून झाल्यावर तू हे लिहिलंस.

मी खुर्चीवर बसलो. त्यांनी पाणी दिलं. बारक्या, मी रडलो. तीन परक्या माणसांसमोर तोंड झाकून रडलो आणि मला लाज वाटली नाही. लाज दुसऱ्याच गोष्टीची वाटत होती.

निकाल तुला आज कळेलच. आरोप पूर्ण पुसला. रेघा तपासल्या नाहीत म्हणून चार महिने शिट्टी बंद. शाळेला ते स्वतः कळवणार आहेत. मला आजपासून मैदानावर येऊ नका म्हणून सांगितलं, ते योग्यच आहे.

संध्याकाळी भोंगा धावत घरी आला. मला वाटलं थोबाडीत मारणार. त्याने मिठी मारली. “दादा, तुम्ही क्लब वाचवला! रेघच चुकीची, म्हणजे सामना रद्द! पुन्हा खेळवायला लावू! साहेबही आपल्या बाजूने उभे राहणार आहेत, टीव्हीवर बोलणार आहेत!”

मी म्हणालो, “बारक्याने काही घेतलं नव्हतं. मी त्या दिवशी हसलो, ते चुकलं.”

“ते जाऊ द्या हो आता,” तो म्हणाला.

ते जाऊ द्या. दीड महिना तुझ्या घराच्या भिंतीवर लिहीत होते आणि आता म्हणे जाऊ द्या. मी त्याला दार दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला आपल्या स्टँडचा तिटकारा आला, आणि त्या तिटकाऱ्यात मीही उभा होतो.

माफी मागायला मी तिकडे आलो तर दार उघडशील का, हे विचारायचं होतं. विचारत नाही. तू उत्तर द्यायला बांधलेला आहेस असं वाटायला नको.

दादा

१ सप्टेंबर

बारक्या,

तुला तिकडच्याच शाळेत जागा मिळाली, तिकडेच राहणार, हे आईकडून कळलं. तू तिला फोन करतोस याचं मला बरं वाटतं. ती फोन घेऊन गच्चीत जाते. मी विचारत नाही.

सामना पुन्हा खेळवला नाही. रेफ्रीचा निर्णय त्या क्षणी अंतिम, असं संघटनेने कळवलं. त्यानंतर भोंगाही मला ओळखेनासा झाला, आणि साहेब निवडून आल्यापासून मैदानाच्या बाजूला फिरकले नाहीत. स्टँडमध्ये मी जात नाही. रविवारी दुपारी घरात बसून राहतो, तर वहिनी म्हणते, “भाजी तरी निवडा.”

पण हे वेगळं सांगायला लिहितोय. परवा, तीस तारखेला, तुझा बंदीनंतरचा पहिला सामना होता, तो बघायला मी आलो होतो. तुला कळवलं नव्हतं. बसने साडेचार तास लागले. पूर्वेच्या बाजूला, वरच्या पायरीवर बसलो. दोन्ही क्लब माझ्या ओळखीचे नाहीत. कोण जिंकावं याची पर्वा न करता मैदानाकडे बघण्याची माझी ही पहिलीच वेळ.

तू सामन्याच्या पाऊण तास आधी एकटाच मैदानात आलास. गोलच्या रेघेवर टाच लावलीस आणि मोजायला सुरुवात केलीस. बॉक्सची एक बाजू, दुसरी बाजू, पुढची रेघ, कोपरे. मग चालत दुसऱ्या टोकाला जाऊन तेच. चुना मारणारा तिथला म्हातारा बादली घेऊन बाजूला उभा होता. तू मोजत होतास तोवर तो जमिनीकडे बघत राहिला. आपल्या कामावर कोणी शंका घेतली की माणूस कसा उभा राहतो ते मला माहीत आहे. तू त्याच्या जवळ जाऊन काहीतरी बोललास, खांद्यावर हात ठेवलास. तो हसला नाही.

माझ्या शेजारी एक माणूस शेंगा खात बसला होता. म्हणाला, “एवढं काय मोजतोय हा? रेफ्री आहे का शिंपी? माणसांवर विश्वास म्हणून नाही याचा.”

मी म्हणालो, “होता.”

त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा शेंगा सोलायला लागला. मी सामना संपेपर्यंत थांबलो. तू दोन पिवळी कार्डं दाखवलीस, दोन्ही बरोबर होती. लोकांनी तुला शिव्या दिल्या, तशा सगळ्या रेफ्रींना देतात. संपल्यावर तू ज्या दाराने बाहेर पडणार होतास तिथपर्यंत मी आलो होतो, आणि तू यायच्या आधी निघून गेलो.

घरी आल्यावर आईने विचारलं, “दिसला का?” मी तिला सांगितलं की तू बरा दिसतोस, तब्येत सुधारली आहे, आणि काम फार काळजीने करतोस.

दादा